ओळख रक्ताची

पोळ्याच्या संध्याकाळी मारुतीच्या पारापुढे गावातल्या सगळ्या बैलजोड्या उभ्या असतात. झुली, बाशिंगे, रंगवलेली शिंगे. शहरातून आलेल्या पाहुण्याला सारे बैल सारखेच दिसतात. पण भोकरदनचा असो की अंबडचा, आपला बैल ओळखायला शेतकऱ्याला क्षणभरही लागत नाही. शिंगांच्या वळणावरून, कपाळावरच्या चांदव्यावरून, पाठीवरच्या भोवऱ्यावरून तो ओळखतो. आपला कोणता आणि परका कोणता, हे त्याला सांगावे लागत नाही.

आपल्या शरीरातही अशीच ओळख चालू असते. रक्तातल्या प्रत्येक पेशीवर काही खुणा असतात आणि रक्तातच फिरणारे राखणदार त्या खुणा सतत पारखत असतात. खूण ओळखीची असली तर ठीक. परकी दिसली की राखणदार तुटून पडतात. या खुणांना शास्त्रात प्रतिजन म्हणतात आणि राखणदारांना प्रतिपिंड. आज आपण त्यांना खुणा आणि राखणदारच म्हणू या.

आता तुम्ही म्हणाल, आमचा रक्तगट आम्हाला ठाऊक आहे, त्यात नवीन काय सांगणार? नवीन नाही, जुनेच सांगायचे आहे. पण ते आपल्या घरचे आहे. ‘ओ’ गटाचे रक्त कोणालाही चालते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते बहुतेक वेळा खरे असले तरी नेहमी खरे नसते. ‘ओ’ रक्तसुद्धा ज्यांच्या शरीरात विषासारखे ठरते अशी माणसे आहेत. ती पहिल्यांदा ओळखली गेली आपल्याच राज्यात, आणि म्हणून साऱ्या जगातील वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांच्या रक्ताला ‘बॉम्बे’ म्हणजे मुंबई रक्तगट असे नाव पडले. असा माणूस आपल्या जालना जिल्ह्यात, आपल्याच वाडीवर असू शकतो, आणि ते त्याला स्वतःला ठाऊक नसेल, असेही होऊ शकते.

गोष्टीची सुरुवात व्हिएन्ना शहरात होते. रक्त भांड्यात ठेवले की ते गोठते आणि वर पिवळसर पाणी सुटते. त्याला रक्तजल म्हणतात. राखणदार असतात ते या पाण्यात, आणि खुणा असतात त्या तांबड्या पेशींवर. कार्ल लँडस्टायनर या डॉक्टरने १९०० आणि १९०१ या सालांत आपल्या प्रयोगशाळेतल्याच सहकाऱ्यांचे रक्त घेतले. एकाचे रक्तजल आणि दुसऱ्याच्या पेशी, असे त्याने पाळीपाळीने मिसळून पाहिले. काही जोड्यांत काहीच झाले नाही. काही जोड्यांत मात्र पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. या पुंजक्यांच्या हिशेबावरून ए, बी आणि ओ हे गट निघाले. एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना सापडला. ज्याच्या पेशींवर ए खूण आहे, त्याच्या रक्तजलात बी विरुद्धचे राखणदार. ज्याच्यावर बी आहे, त्याच्याकडे ए विरुद्धचे. आणि ज्याच्यावर दोन्ही नाहीत, त्या ‘ओ’ माणसाकडे दोघांविरुद्धचे. या कामाबद्दल लँडस्टायनरला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे एक शंका येते. ज्याने उभ्या जन्मात दुसऱ्याचे रक्त घेतले नाही, त्याच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध राखणदार आले कुठून? ते येतात आतड्यातल्या जंतूंमुळे. ए आणि बी या खुणा म्हणजे मुळात साखरेचे लहान लहान कण. तशाच साखरा अनेक जंतूंच्या अंगावरही असतात. मूल जन्मल्यावर काही महिन्यांतच हे जंतू त्याच्या पोटात वस्ती करतात आणि शरीर त्यांच्या साखरांविरुद्ध राखणदार तयार करते. आपल्या स्वतःच्या खुणेविरुद्ध मात्र ते तयार करीत नाही. म्हणजे पहारा होता जंतूंसाठी. परक्याचे रक्त त्याच पहाऱ्यात सापडले, इतकेच.

पहिल्या महायुद्धात या गोष्टीला वेगळे वळण लागले. ग्रीसमधल्या सालोनिका बंदरात दोस्त राष्ट्रांच्या फौजांचा तळ होता. देशोदेशीचे शिपाई एका ठिकाणी जमलेले, त्यांत हिंदी पलटणीही होत्या. लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या डॉक्टर पतीपत्नींनी तिथे हजारो शिपायांचे रक्त तपासले आणि १९१९ साली आकडे प्रसिद्ध केले. इंग्रज शिपायांत बी गटाची माणसे शंभरात ७ निघाली, तर हिंदी शिपायांत शंभरात ४१. कुठल्याही जमातीत एकच गट नव्हता. सगळे गट सगळीकडे होते. फक्त प्रमाण कमीजास्त. तरीही पुढे युरोपात काहींनी या आकड्यांवरून श्रेष्ठ रक्त आणि हीन रक्त असली भाषा सुरू केली. त्या वेडाची परिणती कशात झाली ते आपल्याला ठाऊक आहे. स्वतः लुडविक हिर्शफेल्ड ज्यू कुळात जन्मलेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांना वॉर्सा शहरातल्या ज्यू कोंडवाड्यात डांबले, आणि तिथून निसटले म्हणूनच ते वाचले. रक्ताच्या खुणांवरून माणसाची पायरी ठरवू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता येऊ या १९५२ सालाकडे. त्या वेळी जालना हा हैदराबाद राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. मुंबई आपल्याला परराज्यात होती. त्या मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांच्यापुढे तीन माणसांच्या रक्ताचे कोडे उभे राहिले. पेशी तपासल्या तर ए नाही, बी नाही. म्हणजे गट ओ. पण त्यांचे रक्तजल ‘ओ’ पेशींमध्ये मिसळले की त्या पेशींचेही पुंजके होत. ‘ओ’ माणसाचे रक्तजल ‘ओ’ पेशींना कधी हात लावीत नाही. मग हे रक्त होते तरी कोणाचे?

एखाद्याने नमुना बिघडला म्हणून तो मोरीत ओतून दिला असता. या डॉक्टरांनी तसे केले नाही. लंडनमध्ये रक्तगटांचा अभ्यास करणारे रेस आणि रूथ सँगर, आणि रक्तगटांच्या रसायनाचा अभ्यास करणारे मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्याशी त्यांनी हात मिळवले. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात या सात जणांच्या नावाने एक छोटे टिपण आले. त्यातून उलगडा झाला तो असा.

आपल्या मराठवाड्यातले माळवदाचे घर डोळ्यांपुढे आणा. आधी भिंती उभ्या राहतात, मग त्यांवर माळवद पडते. रक्ताच्या पेशीवरही आधी एक पायाभूत खूण उभी राहते. तिला ‘एच’ म्हणतात. ए गटाच्या माणसात या भिंतींवर एका प्रकारचे माळवद चढते, बी गटाच्या माणसात दुसऱ्या प्रकारचे. ओ गटाच्या माणसात भिंती असतात, माळवद नसते. आणि मुंबई गटाच्या माणसात? तिथे भिंतीच नाहीत. मग माळवद कशावर चढणार? ए किंवा बी करण्याची कुवत अंगात असली तरी ती वाया जाते. आणि ज्याने आपल्या घरी भिंतच कधी पाहिली नाही, त्याचे राखणदार भिंत असलेल्या प्रत्येक पेशीला परकी समजतात. ए परकी, बी परकी, ओ देखील परकी. त्याला चालेल ते फक्त दुसऱ्या मुंबई गटाच्या माणसाचे रक्त.

या उलगड्याने एक सामाजिक कोडेही सुटले. रक्तगट वारसाने कसे येतात याचे साधे नियम १९२४ सालापासून ठाऊक होते. ओ गटाच्या आईला एबी गटाचे मूल होऊ शकत नाही, हा त्यांतलाच एक. मग असे मूल झाले तर? मूल बदलले, किंवा आणखी काही झाले, असाच संशय कोणीही घेईल. आणि संशय आला की बोट नेहमी बाईकडे वळते, हे सांगायला नको. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका स्त्रीचे कुटुंब तपासले. ती दिसायला ओ गटाची, पण तिच्या मुलीत बी खूण उतरलेली. शोध घेता ती मुंबई गटाची निघाली. तिच्या अंगात बी चे जनुक होते. भिंत नसल्याने ते दिसत नव्हते. मुलीला वडिलांकडून भिंत मिळाली आणि आईचे झाकलेले बी तिच्यात उघडे झाले. बाई खरी होती, परीक्षाच अपुरी होती.

भिंती का पडल्या, याचे उत्तर पुढच्या काळात मिळाले. एच खूण बांधणारा गवंडी म्हणजे एक विकर, आणि त्या विकराचा नमुना असतो एका जनुकात. हे जनुक आपल्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. एक प्रत चांगली असली तरी काम भागते. दोन्ही प्रती नादुरुस्त आल्या तरच मुंबई गट दिसतो. भारतातील मुंबई गटाच्या माणसांची जनुके १९९० नंतर वाचली गेली, तेव्हा बहुतेकांत नेमका एकच बिघाड सापडला: ७२५ व्या जागी एक अक्षर बदललेले. शेकडो अक्षरांत तीच जागा, तोच बदल. याचा अर्थ असा की, फार मागे कोणा एका पूर्वजाच्या अंगात तो बदल घडला आणि त्याचे वंशज आज जाती, भाषा, धर्म ओलांडून पसरले आहेत. एकमेकांना न ओळखणारी ही माणसे दूरची भाऊबंद आहेत.

युरोपात ही माणसे दहा लाखांत एखादी. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. मुंबईत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण ७,६०० जणांत एक असे आढळले. फरक का? एक कारण आपल्या सोयरिकींत आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्या भागात जुनी. तिच्यामुळे कुणी वाईट ठरत नाही. पण एकाच आजोबांकडून उतरलेली नादुरुस्त प्रत नवरा आणि बायको या दोघांकडेही असण्याचा संभव वाढतो, आणि मग ती मुलात दुहेरी होऊन भेटते. पिढ्यान् पिढ्या ठरावीक घरांतच लग्ने जमवली तरी परिणाम तोच.

बरे, पण निसर्गाने या खुणांचा एवढा घोळ घातलाच कशाला? सगळ्यांना एकच गट दिला असता तर रक्तपेढ्यांचे काम किती सोपे झाले असते! या प्रश्नाचे उत्तर शोधताना माणूस पार वानरांपर्यंत मागे गेला. ए आणि बी हा भेद गिबन आणि इतर वानरांतही सापडतो, आणि २०१२ साली झालेल्या अभ्यासाने दाखवले की तो त्यांच्यात आणि आपल्यात निदान दोन कोटी वर्षांपासून चालत आलेला वारसा आहे. इतका काळ दोन्ही खुणा टिकल्या, एकीने दुसरीला संपवले नाही, याचा अर्थ दोहोंचाही कधी ना कधी उपयोग झाला असला पाहिजे. ओ गटाच्या माणसांत जीवघेणा हिवताप कमी आढळतो. उलटी-जुलाबाची साथ आणणारे काही विषाणू आतड्यातल्या एच खुणेलाच पकडून आत शिरतात. ज्यांच्या आतड्यात ती खूण नाही, त्यांना त्यांची बाधा होत नाही, असे २००३ साली दिसून आले. एका साथीत एक खूण तारते, दुसऱ्या साथीत दुसरी. सगळे गाव एकाच खुणेचे असते तर एकच जंतू सगळे गाव घेऊन गेला असता.

हेच तत्त्व त्याहून मोठ्या प्रमाणावर पांढऱ्या पेशींच्या खुणांत दिसते. तांबड्या पेशींवरच्या ए, बी आणि एच या खुणा हाताच्या बोटांवर मोजता येतात. या दुसऱ्या खुणा मात्र शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतात आणि त्यांचे प्रकार अगणित. १९३६ साली पीटर गोरर यांना उंदरांत त्यांचा पहिला माग लागला. १९५८ साली पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी माणसातली अशी पहिली खूण शोधली, आणि तीही रक्तामुळेच: पुष्कळ वेळा रक्त घेतलेल्या रोग्यांचे रक्तजल दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींचे पुंजके करते, असे त्यांच्या लक्षात आले. या खुणांना पुढे एचएलए हे नाव मिळाले. त्यांचे खरे काम कोणते, ते १९७४ साली ऑस्ट्रेलियात झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवले. पेशीच्या आत काय शिजते आहे, त्याची वानगी ही खूण पेशीच्या दारात आणून धरते. राखणदार पेशी येतात, वानगी पाहतात; आत विषाणू दडलेला असला तर त्याचा तुकडा दारातच दिसतो आणि ती पेशी नष्ट केली जाते. गाय, बैल, शेळी, कुत्रा, सगळ्या सस्तन प्राण्यांत ही व्यवस्था आहे.

माणसात या खुणांचे तीस हजारांहून अधिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. प्रत्येक प्रकार वेगळ्या तुकड्याला धरू शकतो, म्हणून समाजात जितके प्रकार जास्त तितकी जंतूला लपायला जागा कमी. चित्त्यांचे उदाहरण पाहा. त्यांची संख्या पूर्वी कधीतरी इतकी घटली होती की आज त्यांच्यात हे वैविध्य फार थोडे उरले आहे. एका चित्त्याची कातडी नात्यात नसलेल्या चित्त्याला लावली तरी ती टिकली, असे १९८५ साली आढळले. आणि त्याच सुमारास अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या एका प्राणी उद्यानात विषाणूची साथ आली, तेव्हा तिथले निम्म्याहून अधिक चित्ते दगावले. सगळे सारखे असण्याची किंमत ती ही.

पण वैविध्याचीही एक किंमत आहे, आणि ती एकट्यादुकट्याला मोजावी लागते. समाज वाचतो तो वेगळेपणामुळे. पण ज्याचे वेगळेपण फार दुर्मिळ, त्याला अडचणीच्या वेळी आपल्यासारखा दुसरा सापडत नाही. रक्ताच्या कर्करोगात ज्याला दुसऱ्याच्या अस्थिमज्जेची गरज पडते, त्याच्या एचएलए खुणा देणाऱ्याशी जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. भावंडांत जुळले नाही तर जगभरच्या दात्यांच्या नोंदवह्या धुंडाळाव्या लागतात, आणि त्यांत आपल्या लोकांची नावे लोकसंख्येच्या मानाने फारच थोडी आहेत.

मुंबई गटाच्या माणसाचेही तसेच. एरवी त्याची प्रकृती ठणठणीत असते. नांगर धरतो, ऊस तोडतो, बाळंतपणही सुखरूप होते. पण अपघात झाला, शस्त्रक्रिया निघाली, किंवा बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, की मग वेळ येते. त्याच्या कार्डावर ‘ओ’ लिहिलेले असते. ‘ओ’ ची पिशवी लावली, तर त्याचे राखणदार त्या पेशी शिरांतच फोडू लागतात. ज्याने जीव वाचायचा त्यानेच जीव जाण्याची पाळी येते.

यावरचा उपाय महागडा नाही. रक्तगट दोन बाजूंनी तपासायचा असतो. एका बाजूने माणसाच्या पेशी घ्यायच्या आणि माहीत असलेले राखणदार त्यांत घालायचे. दुसऱ्या बाजूने माणसाचे रक्तजल घ्यायचे आणि माहीत असलेल्या ए, बी व ओ पेशी त्यात घालायच्या. ओ पेशींचे पुंजके झाले की थांबायचे आणि पुढची चौकशी करायची. युलेक्स नावाच्या एका काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांचा अर्क फक्त एच खुणेला धरतो. त्याने शंका फिटते. चांगल्या रक्तपेढीत ही उलट तपासणी होतेच. पण एखाद्या मेळाव्यात घाईने काचपट्टीवर पाहिलेला गट म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, हे आपण लक्षात ठेवावे. १९५७ साली मुंबईत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रक्तगटांचे संदर्भ केंद्र सुरू केले. तेच आज केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय संस्था आहे. १९५२ च्या शोधातले डॉ. भाटिया पुढे तिथेच प्रमुख होते. अडलेल्या नमुन्यांचा उलगडा तिथे होतो.

आणखी एक गोष्ट. मुंबई गटाचा माणूस सापडला की त्याच्या सख्ख्या भावाबहिणींचे रक्त लगेच तपासून घ्यावे. आईबापांपैकी प्रत्येकाकडे एक नादुरुस्त प्रत असली, तर प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याचा संभव इथेही चारांत एक. चारशे किलोमीटरहून दूर मुंबईला निरोप धाडून पिशवीची वाट पाहण्यापेक्षा परतूरला दिलेली बहीण जवळ. शिवाय शस्त्रक्रिया आधीपासून ठरलेली असेल तर माणसाचे स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवता येते.

आपण ‘रक्ताचं नातं’ असा शब्द फार सहज वापरतो. रक्ताने मात्र त्याचा हिशेब आपल्यापेक्षा वेगळा ठेवला आहे. कधी सख्खा भाऊ जुळत नाही आणि कुठल्याशा तालुक्यातला, दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा कोणी अनोळखी माणूस जुळतो. कारण कित्येक पिढ्यांमागे दोघांची चूल एक होती. तेव्हा पुढच्या वेळी गावात रक्तदानाचा मेळावा भरला, तर जरूर जा. रक्त द्याच, पण कार्ड हातात घेताना एवढे विचारा: “साहेब, माझी उलट तपासणी झाली का?” विचारायला लाज कसली? बैल बाजारात घेताना आपण दात मोजतो, चालवून पाहतो, भोवरा कुठे आहे ते बघतो. स्वतःच्या रक्ताची तेवढी तरी पारख करून घ्यावी.